अठ्ठेचाळीस सुयांच्या फंदात

कुरिअरवाला मुलगा खोकं देऊन गेला. ते उघडून आतली वस्तू मी जेवणाच्या टेबलावर ठेवली. आत्याबाईंनी चष्मा नाकावर सरकवला, दोन्ही बाजूंनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "शेवयाचं यंत्र मागवलंस व्हय गं?"

तसं त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. परातीएवढं प्लास्टिकचं गोल कडं, खाली पाय, टेबलाच्या कडेला आवळायची पकड आणि बाजूला फिरवायचा दांडा. फरक एवढाच, की शेवया पडायच्या जागी कड्याच्या आत अठ्ठेचाळीस सुया उभ्या होत्या. एक काळी, बाकीच्या पांढऱ्या. काळी सुई आली की फेरा पुरा झाला, असा हिशेब.

"लोकर विणायचं यंत्र आहे, आत्या."

"लोकर? दांडा फिरवून?" एवढंच म्हणून त्यांनी मान फिरवली. माझ्या सासूबाईंनी मान फिरवली, की समोरच्यानं काय ते समजून घ्यायचं असतं.

आमचं घर लखनौच्या चौकात, सराफ बाजाराला लागून. मंडळी गलाईवाली. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली. माझे सासरे, म्हणजे मामंजी, त्यांच्यातलेच. १९७१ साली ते इथं आले, एका खोलीत मूस आणि भट्टी मांडली आणि दोन वर्षांनी आत्याबाईंना घेऊन आले. मी आले १९९४ साली. कल्याणला पुष्पक एक्स्प्रेसमध्ये बसले तेव्हा माझ्या ट्रंकेत सहा सुती साड्या आणि एक शाल होती. डिसेंबर महिना होता. लखनौ जंक्शनला उतरले तर समोरचा हमाल धुक्यात दिसेना!

आमच्या गावाकडं लोकर म्हणजे घोंगडं. आटपाडीच्या माळावर मेंढरं हिंडतात, त्यांची लोकर घोंगड्याला जाते. ते पांघरायचं, अंथरायचं, पावसात डोक्यावर घ्यायचं. अंगात बाह्या असलेली लोकर घालायची ही कल्पनाच आम्हाला नवी. इथं मात्र जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर उतरतो, सूर्य कधी कधी चार-चार दिवस दिसत नाही आणि चौकातल्या बोळांत तो दिसला तरी खाली उतरत नाही. ऊन हवं तर छतावर जायचं. लखनौच्या बायकांचा हिवाळा छतावरच जातो. वाटाणे सोलणं, केस वाळवणं, मुलांना रागावणं आणि विणणं, सगळं तिथंच.

आत्याबाई विणकाम शिकल्या ते याच छतावर, खालच्या मजल्यावरच्या खालांकडून. त्यामुळे त्यांचं विणकाम पूर्णपणे हिंदीत. घरात त्या अजूनही विट्याकडची मराठी बोलतात, पण हातात सुया आल्या की "दो फंदे उल्टे, दो सीधे" सुरू. इकडे टाक्याला फंदा म्हणतात. चौकातल्या चिकनच्या भरतकामातसुद्धा मुर्री आणि फंदा असे टाके आहेत. मी नवी नवरी होते तेव्हा शेजारीण मला म्हणाली, "आओ बहू, फंदे डालना सिखा दें." मी घाबरून आत पळाले. कुणाच्या फंदात पडू नकोस, असं आईनं निघताना बजावलं होतं.

खरं सांगायचं तर हातसुयांच्या फंदात मी पुढंही पडले नाही. प्रयत्न केले. पण माझे टाके एकतर इतके घट्ट, की सुई सरकू नये, नाहीतर इतके सैल, की चाळण व्हावी. आत्याबाईंनी दोन हिवाळे माझ्यावर खर्च केले आणि मग सांगून टाकलं, "तू आपली भाकरी कर." त्यानंतर माझे स्वेटर थंडीत भरणाऱ्या तिबेटी लोकांच्या बाजारातून येत राहिले. घरच्या बाकी सगळ्यांचे आत्याबाईंच्या हातचे.

डिसेंबर २०२२ मध्ये आत्याबाई जिन्यावरून घसरल्या. उजव्या दंडाचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण खांदा आखडला तो आखडलाच. हात कोपरापासून पुढं चालतो, खांद्याच्या वर जात नाही आणि मागंही जात नाही. बोटं संधिवातानं आधीच वाकडी झालेली. विणकाम तर सुटलंच, पण कुणाच्या लक्षात न आलेली गोष्ट वेगळीच होती. त्यांचे सगळे स्वेटर त्यांनी स्वतः विणलेले आणि सगळे डोक्यातून घालायचे. खालांनी तेच शिकवलं होतं ना!

रोज सकाळी स्वेटर चढवणं म्हणजे शिक्षा. मी एका बाजूनं ओढायची, ह्यांनी दुसरा हात धरायचा आणि मध्ये आत्याबाई, चेहरा स्वेटरच्या आत, तोंडातून हूं की चूं नाही. बाहेर आल्या की डोळे लाल. मग त्यांनी एक दिवस जाहीर केलं, की मला थंडी वाजत नाही. ऐंशीच्या घरातली बाई जानेवारीत लखनौला सांगते, थंडी वाजत नाही! त्या शाल घेऊन बसू लागल्या. शाल एका हाताला सांभाळता येत नाही. पाणी प्यायला हात काढला, की ती घसरते. छतावर जायचं तर जिन्याचा कठडा धरायचा की शाल? त्यांनी छतावर जाणंच सोडलं.

पुढून बटणांचा कार्डिगन आणला. पण त्याची दुसरी बाही घालताना हात मागं न्यावा लागतो. तोही कपाटात गेला.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंनी एक साधी गोष्ट सांगितली, ती ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी लक्षात ठेवावी. कपडा घालताना दुखरा हात आधी घालायचा आणि काढताना तो सगळ्यांत शेवटी काढायचा. म्हणजे दुखऱ्या हाताला वळावं लागत नाही, कपडाच त्याच्याकडे येतो. आणि कपडा असा हवा, की ज्याला पुढं काहीच नाही, बाह्या सैल आहेत.

ते वर्णन ऐकता ऐकता माझ्या डोळ्यांपुढे आमच्या मुलीचे श्रग आले. हल्लीच्या मुली कुर्त्यावर, ड्रेसवर ते आखूड, पुढून उघडं जाकीट घालतात ना, ते. चौकात चिकनचेही श्रग टांगलेले दिसतात. दोन बाह्या आणि त्यांना जोडणारी पाठ. बस्स. आत्याबाईंसाठी यापेक्षा सोयीचं काय असणार? पण बाजारातले लोकरीचे श्रग कॉलेजच्या मुलींच्या मापाचे, बाह्या नळीसारख्या अरुंद. विणून घ्यायचा तर विणणारी बाई खुर्चीत हात धरून बसलेली.

पुण्याला शिकणाऱ्या मुलीला फोनवर हे सगळं सांगितलं आणि आठवड्याभरात ते खोकं आलं.

ह्यांनी पहिल्या दिवशी यंत्राची भरपूर थट्टा केली. तेव्हा मुलीकडून ऐकलेलं ज्ञान मी त्यांना परत ऐकवलं. म्हटलं, तुमच्या अंगातला बनियन गोल यंत्रावरच विणलेला आहे. तिरुपूरला टी-शर्टचं कापड होतं, तेही अशाच यंत्रांवर. तिथं एका यंत्राला शेकडो-हजारो सुया आणि वर मोटार. आपलं हे त्यांचं शेंडेफळ. विणकामाचं पहिलं यंत्र इंग्लंडमधल्या विल्यम ली नावाच्या पाद्र्यानं १५८९ साली केलं, पायमोजे विणण्यासाठी. पहिल्या महायुद्धात तर पाश्चात्त्य देशांतल्या बायका घरोघरी दांड्याचं गोल यंत्र फिरवून सैनिकांसाठी मोजे विणत होत्या. हे म्हणाले, "मग मलाही मोजे कर." मी म्हटलं, नंबर लागलाय.

यंत्राची रीत सोपी आहे. आधी टाकाऊ लोकरीनं सुरुवात करायची. लोकर एका सुईच्या पुढून, दुसरीच्या मागून अशी पहिला फेराभर अडकवायची, मग दांडा फिरवायचा. सुया एकामागून एक उठाबशा काढतात, प्रत्येक सुई खाली जाताना धागा ओढून नेते आणि कड्याच्या पोटातून विणलेली नळी खाली उतरू लागते. पाच-सहा फेरे टाकाऊ लोकरीचे झाले, की खरी लोकर जोडायची. ही टाकाऊ पट्टी शेवटी उसवून काढायची असते.

यंत्रावर एक खटका आहे. तो एका बाजूला ठेवला, की दांडा गोल गोल फिरतो आणि नळी होते. दुसऱ्या बाजूला केला, की काही सुया रिकाम्या ठेवून दांडा एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे असा जातो आणि सपाट पट्टी होते. माझ्या श्रगचं सगळं गणित या खटक्यावर होतं. आधी नळी, ती एक बाही. मग खटका बदलून सपाट पट्टी, ती पाठ. मग पुन्हा नळी, ती दुसरी बाही. मध्ये शिवण नाही, जोड नाही. अठ्ठेचाळीस टाक्यांच्या नळीचा घेर माझ्या हिशेबानं अठरा इंच भरत होता, म्हणजे आत्याबाईंचा आखडलेला हात आरामात जाईल. बाहीला चौसष्ट फेरे, पाठीला बहात्तर ओळी, पुन्हा चौसष्ट फेरे. लोकर पाव किलोच्या आत.

अमीनाबादेतून मऊ, केसाळ लोकर आणली. दिसायला सुरेख. यंत्रावर घातली तर तिचे केस सुयांत अडकून दहाव्या फेऱ्याला सगळं गच्च. दुसरी आणली, ती इतकी बारीक, की नळीतून पलीकडचं दिसावं. यंत्राला मध्यम जाडीची, गुळगुळीत, एकसारखी लोकर लागते, हे तिसऱ्या खेपेला कळलं. तोवर दुकानदारही हसायला लागला होता.

आणि इथं मी ती चूक केली.

मोठ्या ट्रंकेत मामंजींचा एक मरून स्वेटर होता. मामंजी २०१६ साली गेले. स्वेटरच्या कोपरांना भोकं पडलेली, गळा सैलावलेला. हातात घेतला तर लोकर अस्सल, हवी तेवढी जाड. नाहीतरी कसर लागून जायचाच, असा विचार केला आणि दुपारी आत्याबाई झोपल्या असताना मी तो उसवायला घेतला. विचारायचं मनात आलं नाही असं नाही. आलं होतं. पण आश्चर्याचा धक्का देऊ, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण, त्या नाही म्हणतील अशी भीती होती.

जुना स्वेटर उसवण्याचं काम मोठं मजेचं. शिवणी कापायच्या, टाके जिथं बंद केले असतील ते टोक शोधायचं आणि ओढत जायचं. भर्र भर्र आवाज करत चाळीस वर्षांचं विणकाम सुटत येतं. लोकर नूडल्ससारखी कुरळी निघते. ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात रिठ्यानं धुवायची आणि खाली वजन टांगून सावलीत वाळवायची. म्हणजे कुरळेपणा बराचसा जातो.

मी लड्या न्हाणीघरात टांगल्या होत्या. संध्याकाळी आत्याबाई तिकडे गेल्या. बाहेर आल्या, खुर्चीत बसल्या आणि जेवायला उठल्या नाहीत.

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "आत्या, चुकलं माझं," म्हटलं तर, "जुनाच हुता," एवढंच उत्तर. ह्यांनीही काही म्हटलं नाही, पण न्हाणीघरातून येताना ते एकदा लडीला हात लावून आलेले मी पाहिले.

उसवलेलं परत विणता येत नाही, निदान मला तरी. मग एकच रस्ता उरला होता. तिसऱ्या दिवशी मी गुंडे केले आणि यंत्र मांडलं. गुंडा सैल लागतो बरं का. घट्ट असला तर धागा ताणला जातो आणि सुई टाका सोडून देते. पहिली बाही चाळीस फेऱ्यांपर्यंत सुरळीत गेली. मग खट्कन आवाज झाला, दांडा अडला. मी जरा जोर लावला. चार टाके सुटले आणि बघता बघता शिडीसारखे खाली उतरत गेले. कारण पाहिलं तर धाग्यात गाठ. आत्याबाईंनी लडी संपल्यावर दुसरी जोडलेली होती. हातसुयांना गाठीचं काही वाटत नाही, यंत्राच्या सुईला मात्र ती गिळता येत नाही.

मी दांडा उलटा फिरवला, सुलटा फिरवला, सुयांत बोट घालून पाहिलं, शेवटी कपाळाला हात लावून बसले. मागून आवाज आला, "क्रोशाची सुई दे."

त्या केव्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या कुणास ठाऊक. बसल्या. उजवा हात कोपरापर्यंत टेबलावर टेकवला, डाव्या हातानं क्रोशाची सुई शिडीत घातली आणि एकेक दांडी खालच्या टाक्यातून ओढून घेत वर आल्या. चारही शिड्यांना पाऊण तास लागला. बोटं थरथरत होती. मध्येच सुई निसटली तर मी हात पुढं केला, त्यांनी तो बाजूला सारला.

मग त्यांनी ती गाठ चष्म्याजवळ धरली. "ही पाठीची गाठ," म्हणाल्या. "लोकर सरली हुती. इंदिराबाई गेल्या त्या वर्साला. बाजार बंद, सगळं बंद. तुजं मामंजी म्हनलं, ऱ्हाऊ दे अर्धाच. म्या न्हाई ऐकलं. बाजार उघडल्यावर दुसरी आणली, तर रंग जरा उजवा निघाला."

म्हणजे १९८४. मी दिव्याखाली धरून पाहिलं. गाठीच्या अलीकडचा आणि पलीकडचा मरून खरंच वेगळा होता. इतकी वर्षं तो स्वेटर मी दरवर्षी उन्हात घालत होते, मला कधी दिसलं नव्हतं.

गाठीवर उपायही त्यांनीच काढला. गाठ कापायची. दोन्ही टोकांचे पदर बोटभर उकलायचे, एकमेकांत मिसळायचे, थोडं पाणी लावायचं आणि दोन तळव्यांत जोरजोरानं घासायचं. अस्सल लोकर ओलावा आणि घर्षणानं एकमेकीला धरते, जोड दिसतसुद्धा नाही. ॲक्रिलिकला हे जमत नाही. आत्याबाईंचा खांदा हलत नव्हता, पण तळवे हलत होते. त्यानंतर मी दांडा फिरवायचा आणि त्यांनी गुंडा मांडीवर घेऊन धागा बोटांमधून सोडायचा, असं ठरून गेलं. ठरवलं कुणीच नाही. गाठ बोटाला लागली, की त्या म्हणत, "थांब." अशा आणखी सहा गाठी निघाल्या. सगळ्यांच्या गोष्टी होत्या असं नाही. एकीबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "मांजरानं तोडली हुती."

पाठीची पट्टी झाली, दुसरी बाही झाली. यंत्रावरून काढल्यावर एक नवीच अडचण. साध्या सुलट विणीची कड स्वतःभोवती गुंडाळत जाते. पाठीच्या दोन्ही कडा पापडासारख्या वळून बसल्या. तिथं यंत्राचा काही उपयोग नव्हता. कडेनं क्रोशाच्या दोन ओळी मी घातल्या, त्यांनी टाके मोजून दिले. बाह्यांची तोंडं मात्र दोन उलट दोन सुलट अशा हातच्या विणीनं आवळली. सैल बाही गॅसपाशी नको. हे विणकाम शेजारच्या खालांच्या सुनेनं करून दिलं. खाला गेल्या, पण फंदे त्यांच्या घरात शिल्लक आहेत.

जानेवारीतल्या एका सकाळी धुकं फाटलं आणि ऊन पडलं. आत्याबाई पलंगाच्या कडेला बसल्या. आधी उजवा हात बाहीत, मग पाठीमागून मी कपडा फिरवून आणला, मग डावा हात. कुठंही ओढाताण नाही, तोंड झाकलं नाही. अर्ध्या मिनिटाचं काम. त्यांनी दोन्ही बाह्यांवरून हात फिरवला, छातीशी कड ओढून पाहिली. काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "जिन्यात पुढं हो. मी कठडा धरते."

वर खालांच्या सुनेनं गोल दरवाजाहून मक्खन-मलाईचे द्रोण आणून ठेवले होते. थंडीतच मिळते ती, आणि सकाळीच. आत्याबाईंनी उजव्या हातानं द्रोण धरला, डाव्यानं चमचा. आजूबाजूच्या छतांवरच्या बायका बघत होत्या. एकीनं ओरडून विचारलं, "अम्मा, नया है? किसने बुना?"

"बहू ने. मशीन पे," आत्याबाई म्हणाल्या. आणि माझ्याकडे वळून हळूच मराठीत, "डावी बाही लांब हाय."

"नाही हो आत्या. दोन्हीला चौसष्ट फेरे. यंत्रावर आकडा येतो."

"दोन फेऱ्यांनी लांब हाय."

खाली आल्यावर मी दोन्ही बाह्या टेबलावर पसरल्या आणि टाचणी घेऊन एकेक फेरा मोजला. उजवी चौसष्ट. डावी सहासष्ट. दुसऱ्या बाहीत गाठ आली तेव्हा मी दांडा मागं-पुढं केला होता, तिथं आकडा चुकला असणार. मी सांगायला गेले तर त्या उरलेल्या गुंड्याचं वजन हातात तोलून बघत होत्या, मामंजी सोनं तोलायचे तसं.

"एवढ्यात त्याला टोपी हुईल न्हवं?" त्यांनी विचारलं. त्याला म्हणजे ह्यांना. "यंत्र हिकडं वड. दांडा डाव्या हातानं फिरतुया का बघू."